३४ प्लगइन्सचे संकेतस्थळ: ठेवायचे काय, काढायचे काय?

ग्रंथसेवक | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचा मानद चिटणीस आहे. संगणक हा माझा विषय नव्हे. बँकेतून निवृत्त झालो आणि ‘तुम्हाला त्यातले कळते’ असे म्हणून कार्यकारिणीने संकेतस्थळाचा पासवर्ड माझ्या हाती दिला. हे संकेतस्थळ २०१७ साली आमच्याच एका वाचक विद्यार्थ्याने वर्डप्रेसवर (संकेतस्थळे बनवण्याची मोफत प्रणाली) उभे करून दिले. तो पुढे नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्यानंतर ज्याच्या हाती पासवर्ड आला त्याने मनाला येईल ते बसवले.

जूनमध्ये एका सभासदाचा फोन आला की, गूगलवर वाचनालयाचे नाव शोधून मोबाइलवर उघडले की रमी खेळण्याचे पान येते. मी कार्यालयातल्या संगणकावर पत्ता टाइप करून पाहिला तर सगळे जागच्या जागी. दोन दिवस आम्ही त्या बिचाऱ्यांच्या मोबाइललाच दोष देत होतो. शेवटी होस्टिंग कंपनीने तपासणी करून १९ संशयास्पद फायलींची यादी पाठवली आणि त्या काढूनही दिल्या. आठवड्याभरात रमी परत आली.

आज प्लगइन्सची, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्राम्सची, यादी मोजली, ती ३४ भरली. त्यांत फिरती चित्रे दाखवणारे स्लायडर तीन (एक थीमबरोबर, म्हणजे तयार रूपसज्जेबरोबर आलेला), तयार पाने साठवून वेग वाढवणारी कॅशिंगची दोन, सुरक्षेची तीन, गूगलवर वर दिसण्यासाठीची एसइओची दोन, फाइल मॅनेजर, भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारे मीटर, उजवी क्लिक बंद करणारे, कोड न लिहिता पाने मांडू देणारे पेज बिल्डर आणि त्याच्या जोडीला दोन पूरक प्लगइन्स, सभासद नोंदणी, ग्रंथसूची, आणि दिवाळीत पानावर पणत्या तरंगाव्यात म्हणून कोणीतरी बसवलेले एक. त्या पणत्या अजूनही तरंगतात. मोबाइलवर मुखपृष्ठ उघडायला नऊ सेकंद लागतात, हे मी घड्याळ लावून पाहिले आहे. यांतले काय ठेवावे, काय काढावे, आणि निवड करताना नेमके पाहावे काय, हे कोणी समजावून सांगेल काय?

पैलतीर | सोमवार, रात्री ११.०५

काका, आधी रमी तुम्हाला का दिसली नाही ते सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. पाहुणा गूगलवरून आला आहे का, मोबाइलवर आहे का, लॉगिन केलेला आहे का, हे तपासून मगच असा कोड जागा होतो. संकेतस्थळाच्या मालकाला तो मुद्दाम टाळतो. २०१७ सालचे डिस्प्ले विजेट्स या प्लगइनचे प्रकरण अगदी याच जातीचे होते. सुमारे दोन लाख संकेतस्थळांवर असलेले हे साधे, उपयोगी प्लगइन मूळ लेखकाने विकले आणि नव्या मालकाने नेहमीच्या अपडेटमधून त्यात चोरवाट घातली. तिच्यातून घुसवलेला जाहिरातबाज मजकूर लॉगिन केलेल्या माणसाला दिसतच नसे. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातून ते अनेकदा काढले गेले, परत आले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये कायमचे बंद झाले.

प्लगइन म्हणजे दुसऱ्या कोणीतरी पीएचपी या संगणकीय भाषेत लिहिलेला कोड, जो तुमच्या सर्व्हरवर तुमच्याच अधिकाराने चालतो. मोबाइलवरचे ॲप निदान ‘कॅमेरा वापरू का’ असे विचारते; वर्डप्रेसमध्ये तशी परवानगीची पायरीच नाही. पणत्या तरंगवणारे प्लगइन आणि सभासदांची यादी ठेवणारे प्लगइन यांना डेटाबेसची एकच किल्ली मिळते. त्यामुळे ‘हे प्लगइन चांगले आहे का’ या प्रश्नाआधी ‘या कामासाठी मी ही किल्ली देणार आहे का, आणि ती घेणारा माणूस आज जागेवर आहे का’ असे विचारावे.

आणि ते फाइल मॅनेजर आज रात्रीच काढा. नुसते निष्क्रिय करू नका, डिलीट करा. सप्टेंबर २०२० मध्ये डब्ल्यूपी फाइल मॅनेजर या सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवरच्या प्लगइनमध्ये जी त्रुटी सापडली, तिचे मूळ एका नमुना फायलीत होते. ज्या तयार कोडसंचावर ते प्लगइन उभे होते, त्याच्या कर्त्यांनी ती फाइल चालू नये अशा नावाने दिली होती; प्लगइनकर्त्यांनी तिचे नाव बदलून ती चालती केली. मग जगातल्या कोणालाही, लॉगिन न करता, थेट त्या फायलीचा पत्ता उघडून सर्व्हरवर हवे ते चढवता येऊ लागले. ६.९ या आवृत्तीत ती त्रुटी दूर झाली. पण लक्षात घ्या, थेट पत्त्याने उघडणारी फाइल वर्डप्रेसला विचारतच नाही, त्यामुळे प्लगइन चालू आहे की बंद, याच्याशी तिला देणेघेणे नसते. फायली हाताळण्याची सोय तुमच्या होस्टिंगच्या सीपॅनल या नियंत्रण-पटलामध्ये आहेच.

कोरडवाहू | मंगळवार, सकाळी ७.५०

पैलतीर यांच्याशी सहमत आहे, तरी ‘३४ म्हणजे फारच’ असा जो सूर निघतो तो मला मान्य नाही. मी १६ प्लगइन्सचे रांगणारे संकेतस्थळ पाहिले आहे आणि ४० प्लगइन्सचे पळणारेही पाहिले आहे. आकड्याने काही ठरत नाही, प्रत्येक प्लगइन दर पानामागे काय करते याने ठरते.

ग्रंथसेवक, क्वेरी मॉनिटर नावाचे मोफत प्लगइन तात्पुरते बसवा. लॉगिन केल्यावर वरच्या काळ्या पट्टीत चार आकडे दिसू लागतील. त्यावर क्लिक केले की डेटाबेसला किती प्रश्न गेले आणि त्यांतले कोणत्या प्लगइनने विचारले, याची यादी मिळते. कोणत्या स्क्रिप्ट आणि स्टाइलच्या फायली पानावर लादल्या जातात तेही कळते. उदाहरणार्थ, कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे चांगले, जुने प्लगइन आहे, पण त्याच्या फायली मूळ स्थितीत प्रत्येक पानावर येतात, मग त्या पानावर फॉर्म असो वा नसो. तेवढे चालते. पेज बिल्डर आणि त्याच्या पूरकांचे दीड मेगाबाइट मात्र चालत नाही.

भेटींच्या मीटरबद्दल मी न पाहता सांगतो: ते प्रत्येक भेटीला डेटाबेसमध्ये एक नोंद लिहीत असणार, आणि ती नोंद लिहायची म्हणून दरवेळी सर्व्हरला उठवत असणार. कॅशिंगचा सगळा हेतू पान एकदा शिजवून वाढत राहण्याचा असतो. इथे प्रत्येक पाहुण्यामागे चूल पेटते.

ग्रंथसेवक | मंगळवार, दुपारी १.१५

फाइल मॅनेजर काढले. क्वेरी मॉनिटरही बसवले. मुखपृष्ठावर २४० प्रश्न दाखवतो आहे, त्यांतले ८६ एकट्या सभासद नोंदणीचे आहेत आणि भेटींच्या मीटरचे ११. मुखपृष्ठावर नोंदणीचा फॉर्मही नाही! ‘साइट हेल्थ’ या पानावर एक सूचना दिसली की, आपोआप लोड होणाऱ्या पर्यायांचा आकार जास्त आहे. हे काय असावे?

शिवाय एक मूलभूत शंका. सुरक्षेची तीन प्लगइन्स आहेत ती असू द्यावीत ना? एकाच्या नजरेतून सुटले तर दुसरे पकडेल, असा आमच्या आधीच्या चिटणिसांचा विचार होता.

पैलतीर | मंगळवार, रात्री १०.३०

पर्यायांचे आधी सांगतो. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये ‘ऑप्शन्स’ नावाचे कोष्टक असते. त्यातल्या ‘ऑटोलोड’ अशी खूण असलेल्या नोंदी प्रत्येक पानाच्या वेळी एकगठ्ठा वाचल्या जातात. प्लगइन काढले तरी पुष्कळदा त्याच्या नोंदी तिथेच राहतात. भाडेकरू गेला तरी त्याचे सामान माळ्यावर, तशातला प्रकार. २०२४ च्या जुलैमध्ये आलेल्या ६.६ आवृत्तीपासून हा बोजा साधारण ८०० किलोबाइटच्या वर गेला की साइट हेल्थ इशारा देते. सात वर्षांत आलेल्या-गेलेल्या प्लगइन्सचा गाळ तुमच्याकडे साचला असणार. बॅकअप घेतल्याशिवाय मात्र तिथे हात घालू नका.

आता तीन पहारेकरी. ते एकमेकांना सावरत नाहीत, एकमेकांच्या पायांत येतात. प्रत्येकजण प्रत्येक विनंती तपासतो, प्रत्येकजण लॉगिनचे अपयश मोजतो, आणि एकाने दुसऱ्याच्या फायली संशयित ठरवल्याचेही मी पाहिले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुरक्षेचे प्लगइन हेदेखील प्लगइनच असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिअली सिंपल सिक्युरिटी या ४० लाखांहून अधिक संकेतस्थळांवरच्या प्लगइनमध्ये अशी त्रुटी निघाली की, कोणालाही पासवर्डशिवाय ॲडमिन म्हणून आत शिरता यावे. ती त्रुटी होती कुठे, तर दुहेरी पडताळणीच्या सोयीत! ज्याने ती अधिकची कडी लावून घेतली होती, त्याचेच दार उघडे राहिले. ९.१.२ मध्ये दुरुस्ती आली आणि प्रकरण इतके गंभीर होते की वर्डप्रेसने ती दुरुस्ती सक्तीने लोकांच्या संकेतस्थळांवर ढकलली.

म्हणून एकच ठेवा. वर्डफेन्स हे सुरक्षेचे प्लगइन ठेवणार असाल तर एवढे माहीत असू द्या की, फायरवॉलचे नवे नियम मोफत वापरणाऱ्यांना ३० दिवसांनी मिळतात. तुमच्या वाचनालयाला तेवढे पुरे आहे, कारण तुमचा खरा बचाव नियमांच्या यादीत नसून वेळच्या वेळी होणाऱ्या अपडेटमध्ये आहे.

निर्गुणी | बुधवार, सकाळी ९.२०

इतकी सगळी यातायात करण्यापेक्षा साधी एचटीएमएल पाने करून टाका. ना प्लगइन, ना डेटाबेस, ना रमी. वाचनालयाची वेळ, पत्ता आणि व्याख्यानमालेची पत्रिका यांसाठी वर्डप्रेस हवे कशाला?

ग्रंथसेवक | बुधवार, सकाळी ११.४०

निर्गुणी, आपले म्हणणे तत्त्वतः पटते. पण व्याख्यानमालेची पत्रिका दरवर्षी निदान तीनदा बदलते आणि ती बदलण्याचे काम सध्या आमच्या ग्रंथपाल ताई करतात. त्यांना एचटीएमएल शिकवण्याचे धाडस माझ्यात नाही.

कोरडवाहू | बुधवार, दुपारी ३.००

कॅशिंगच्या दोन प्लगइन्सबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. वर्डप्रेसच्या ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डरमध्ये ‘ॲडव्हान्स्ड-कॅश’ नावाची एकच फाइल असू शकते आणि पान साठवणारे जवळजवळ प्रत्येक प्लगइन ती आपली म्हणून लिहिते. दोघे असले की कोण जिंकला हे शेवटी कोणी लिहिले यावर ठरते, आणि जुनी पाने दिसत राहिली की दोष ब्राउझरला जातो.

कोणते ठेवायचे हे सर्व्हरवर अवलंबून आहे. होस्टिंगवाल्यांना विचारा की, सर्व्हरवर लाइटस्पीड हे सॉफ्टवेअर आहे का. असेल तर लाइटस्पीड कॅश ठेवावे, कारण ते पाने सर्व्हरच्या पातळीवरच साठवते. नसेल तर त्या प्लगइनचा तो मुख्य भाग तिथे चालणारच नाही. मग डब्ल्यूपी सुपर कॅशसारखे साधे काहीतरी पुरते. आता कोणी म्हणेल की, लाइटस्पीड कॅशमध्येही ऑगस्ट २०२४ मध्ये भगदाड सापडले होते. हो, सापडले होते. ५० लाखांहून अधिक संकेतस्थळांवर ते होते, आणि त्यातला सुरक्षेचा गुप्त संकेत जेमतेम दहा लाख शक्यतांमधला एक असल्याने एकेक करून तो ओळखता येत होता. ६.४ मध्ये दुरुस्ती झाली. माझ्या लेखी त्रुटी सापडणे हा नापास होण्याचा निकष नाही. सापडल्यावर किती दिवसांत दुरुस्ती येते आणि ती उघडपणे सांगितली जाते की नाही, हा आहे. ज्या प्लगइनच्या बदलांच्या नोंदीत पाच वर्षांत ‘सुरक्षा’ हा शब्दच नाही, त्याच्याकडे कोणी पाहिलेलेच नसण्याचा संभव अधिक.

आणि काही कामांना आता प्लगइनच लागत नाही. चित्रे गरजेपुरती उशिरा लोड करणे आणि साइटमॅप (शोधयंत्रांसाठीची पानांची यादी) बनवणे ही दोन्ही कामे वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, स्वतः करते. वेबपी या हलक्या प्रकारातली चित्रे ५.८ पासून थेट चढवता येतात. २०१७ च्या संकेतस्थळावर या कामांसाठी निदान तीन प्लगइन्स असणारच, तपासून पाहा.

उजवी क्लिक बंद करणाऱ्या प्लगइनवर शब्द खर्च करणे हाच अपव्यय आहे.

मुद्रितशोधक | बुधवार, रात्री ९.१०

मी एका लहान दिवाळी अंकाचे संकेतस्थळ सांभाळते, त्यामुळे देवनागरीपुरते बोलते. हे इंग्रजी मार्गदर्शनात कुठेही मिळत नाही आणि मला ते चुका करूनच कळले.

पहिली गोष्ट पत्त्याची. मराठी शीर्षक दिले की वर्डप्रेस त्यावरूनच पानाचा पत्ता बनवते. देवनागरीतले प्रत्येक अक्षर, आणि त्यात काना, मात्रा, हलंतसुद्धा वेगळे धरले जातात, पत्त्यात टक्क्यांच्या चिन्हांसह नऊ वर्णांचे होते. डेटाबेसमध्ये त्या जागेची मर्यादा २०० वर्णांची आहे. म्हणजे हाती उरतात सुमारे २२ अक्षरचिन्हे. ‘व्याख्यानमाला’ या एका शब्दातच १३ चिन्हे आहेत; ११७ वर्ण तिथेच संपले. पुढे जोडरेघ आणि देवनागरी आकड्यांत वर्ष घातले की १५४. उरलेल्या जागेत वक्त्याचे आडनावही धड बसत नाही आणि पत्ता मध्येच तुटतो. मग एकाच व्याख्यानमालेच्या सात दिवसांची सात पाने एकाच तुटक्या पत्त्यावर येऊन आदळतात आणि वर्डप्रेस त्यांना शेपटीला २, ३, ४ लावत बसते. यावर उपाय म्हणून पत्त्याचे रोमन लिप्यंतर करणारे प्लगइन मी बसवले होते. ते पुढे अद्ययावत होणे थांबले, मी काढून टाकले, आणि आता पत्ता हाताने, छोटासा, रोमन अक्षरांत टाइप करते. दहा सेकंदांचे काम आहे. जुन्या पानांचे पत्ते मात्र विचार करून बदला: पोस्टचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुन्यावरून नव्याकडे वळवते, पण ‘पेज’ प्रकारात तसे होत नाही आणि जुन्या दुव्यावर आलेला वाचक रिकाम्या पानावर उभा राहतो.

दुसरी गोष्ट फॉन्टची. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते. पेज बिल्डरला ‘मुक्ता’ हा फॉन्ट निवडून दिला की तो अनेकदा त्याच्या सगळ्या जाड्या-बारीक छटा मागवून घेतो. आम्ही दोनच ठेवल्या, साधी आणि ठळक, त्याही आमच्याच सर्व्हरवरून, आणि फॉन्ट येईपर्यंत मोबाइलमधलाच मराठी फॉन्ट दिसू दिला. जो बदल वेगासाठी म्हणून आणलेल्या तीन प्लगइन्सनी झाला नाही, तो एवढ्याने झाला.

ग्रंथसेवक | गुरुवार, रात्री ८.३०

मुद्रितशोधक ताई, आपला प्रतिसाद वाचून आमची २०२२ ची व्याख्यानमाला उघडली. पत्त्याच्या शेवटी २ ते ७ असे आकडे आहेत खरे. मी त्याला दिवसांचे क्रमांक समजत होतो!

आज एक नवी आणि काहीशी लाजिरवाणी गोष्ट कळली. पेज बिल्डरच्या दोन पूरकांपैकी एक सशुल्क आहे आणि त्याच्या परवान्याची पावती दप्तरात कुठेही नाही. आधीच्या स्वयंसेवकाला फोन केला, तेव्हा तो सहज म्हणाला की, ‘फुकट डाउनलोड’ देणाऱ्या एका ठिकाणाहून आपण ते उतरवले होते. त्याचा हेतू वाचनालयाचे पैसे वाचवण्याचाच होता.

पैलतीर | गुरुवार, रात्री १०.१५

काका, रमी कुठून आली याचे उत्तर बहुतेक तुम्हाला मिळाले. सशुल्क प्लगइनची कुलूप तोडलेली प्रत, ज्याला बाजारात ‘नल्ड’ म्हणतात, ती फुकट वाटणाऱ्याला काहीतरी मिळत असतेच. डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचा उपद्रव तर मुख्यतः अशाच प्रतींतून पसरला: एका थीमबरोबर आत आला की तो बाकीच्या थीमच्या फायलींतही स्वतःला लिहून ठेवतो. म्हणूनच १९ फायली काढूनही आठवड्याने तो परत येतो.

तेव्हा नुसते ते पूरक काढून भागणार नाही. क्रम असा ठेवा. आधी संपूर्ण बॅकअप घेऊन तो तुमच्या संगणकावर उतरवा, पण त्याला ‘स्वच्छ’ समजू नका. मग वर्डप्रेसच्या मूळ फायली, थीम आणि ठेवायची ती प्लगइन्स अधिकृत ठिकाणाहून नव्याने आणून जुन्यांच्या जागी पूर्ण बदला; दुरुस्त करत बसू नका. ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये फक्त चित्रे आणि पीडीएफ असावेत; तिथे एकही पीएचपी फाइल दिसली तर ती आगंतुक समजा आणि त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालूच नये, अशी सोय होस्टिंगवाल्यांकडून करून घ्या. वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी ॲडमिन आहेत का पाहा. डेटाबेसचा, होस्टिंगचा आणि सगळ्या ॲडमिनचे पासवर्ड बदला, आणि कॉन्फिग फायलीतल्या गुप्त किल्ल्याही बदला, म्हणजे चोरून लॉगिन राहिलेला कोणी असेल तो बाहेर फेकला जाईल.

थीमबरोबर आलेल्या स्लायडरकडेही लक्ष द्या. २०१४ मध्ये स्लायडर रेव्होल्यूशनच्या जुन्या आवृत्त्यांतून कॉन्फिग फाइल, म्हणजे डेटाबेसचा पासवर्डच, बाहेरच्या माणसाला उतरवून घेता येत होता. दुरुस्ती आलेली होती. पण ते असंख्य थीम्समध्ये आतून बांधलेले असल्याने पुष्कळ मालकांना आपल्याकडे असे काही आहे हेच ठाऊक नव्हते आणि त्यांच्या डॅशबोर्डवर अपडेटची सूचनाही येत नव्हती. त्या डिसेंबरात या वाटेने झालेल्या एका हल्ल्यात गूगलने ११ हजारांहून अधिक डोमेन्स काळ्या यादीत टाकली. थीमच्या पोटातले प्लगइन हे दुसऱ्याच्या खिशातल्या किल्लीसारखे असते.

सह्यसखा | शुक्रवार, सकाळी १०.०५

अपडेट, अपडेट असा जप चालला आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी एका सहकारी पतसंस्थेचे संकेतस्थळ पाहतो. गेल्या वर्षी वार्षिक सभेच्या आदल्या रात्री स्वयंचलित अपडेट झाले आणि सकाळी अहवालाच्या पानाऐवजी पांढरा पडदा दिसला. सभासदांचे बोल मी ऐकले, प्लगइनकर्त्याने नव्हे. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा, रविवारी, स्वतः बसून अपडेट करतो.

पैलतीर | शुक्रवार, दुपारी १.३०

तुमचा अनुभव खरा आहे, पण महिन्याचे अंतर मला धोक्याचे वाटते. त्रुटी जाहीर झाली की तिचा शोध घेत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम (बॉट) रविवारची वाट पाहत नाहीत. फाइल मॅनेजरच्या वेळी तर दुरुस्ती येण्याआधीच हल्ले सुरू झाले होते. मधला मार्ग असा की, लहान आणि एकमेकांत न गुंतलेल्या प्लगइन्सना स्वयंचलित अपडेट लावावे, आणि पेज बिल्डर, पैसे भरण्याची सोय यांसारखी गुंतागुंतीची दोन-तीन हाताने, पण आठवड्याच्या आत करावीत. वर्डप्रेस ६.६ पासून स्वयंचलित अपडेटने संकेतस्थळ कोसळले तर त्या प्लगइनची जुनी आवृत्ती आपोआप परत बसते. पांढऱ्या पडद्याची भीती त्यामुळे पुष्कळ कमी झाली आहे. दिसायला चुकीचे पण चालू असलेले पान मात्र ते ओळखू शकत नाही, हे मान्य.

सह्यसखा | शुक्रवार, दुपारी २.१०

आठवड्यावर येतो. स्वयंचलितवर नाही.

कोरडवाहू | शुक्रवार, रात्री ९.००

बॅकअपचा विषय निघालाच आहे तर एक राहिले. ग्रंथसेवकांच्या संकेतस्थळावर सभासद स्वतः नोंदणी करतात, म्हणजे अनोळखी माणूसही ‘सबस्क्रायबर’ म्हणून लॉगिन मिळवू शकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये अपड्राफ्टप्लस या ३० लाखांहून अधिक संकेतस्थळांवरच्या बॅकअप प्लगइनमध्ये अशीच त्रुटी निघाली होती की, अगदी कनिष्ठ दर्जाचे लॉगिन असलेल्यालाही पूर्ण बॅकअप उतरवून घेता यावा. दुरुस्ती तातडीने आली आणि मी आजही तेच वापरतो. पण ज्या संकेतस्थळावर बाहेरच्याला लॉगिनच मिळत नाही, तिथे त्या त्रुटीचा उपयोग करायला कोणी आत आलेच नसते. सभासद नोंदणीला लॉगिन खरोखर लागते का? नाव, पत्ता आणि अनामत रकमेची पावती घ्यायची असेल तर साधा फॉर्म पुरतो, आणि ते ८६ प्रश्नही वाचतात.

ग्रंथसेवक | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६.२०

सर्वांचे आभार मानून अहवाल देतो. सगळ्या फायली नव्याने बसवल्या. हे काम माझ्या भाच्याने दोन रात्री जागून केले. अपलोड्सच्या फोल्डरमध्ये २०१९ च्या गणेशोत्सवाच्या छायाचित्रांत दडलेल्या चार पीएचपी फायली सापडल्या. वापरकर्त्यांच्या यादीत ‘सपोर्ट’ नावाचा एक ॲडमिन होता, त्याला कार्यकारिणीतले कोणीही ओळखत नव्हते. रमी आजपर्यंत परतलेली नाही.

३४ पैकी ११ प्लगइन्स उरली. होस्टिंग लाइटस्पीडचे निघाले, त्यामुळे कॅशिंगचे तेच ठेवले. सुरक्षेचे एक, एसइओचे एक, बॅकअपचे एक (प्रती आता गूगल ड्राइव्हवर जातात), फॉर्मचे एक आणि इतर किरकोळ. नोंदणीला आता लॉगिन नाही. मुखपृष्ठावर २४० च्या जागी ५२ प्रश्न दिसतात आणि त्याच मोबाइलवर, त्याच घड्याळाने, नऊ सेकंदांचे तीनवर आले. तीनही स्लायडर काढून एकच स्थिर छायाचित्र ठेवले. यावर कार्यकारिणीत पाऊण तास चर्चा झाली, कारण स्लायडरमध्ये सर्व विश्वस्तांची छायाचित्रे फिरत असत आणि स्थिर चित्र इमारतीचे आहे. पणत्या काढल्याबद्दल ग्रंथपाल ताईंनी नाराजी नोंदवली आहे.

अडले आहे ते एकाच ठिकाणी. ग्रंथसूचीचे प्लगइन २०१८ नंतर अद्ययावत झालेलेच नाही आणि आता अधिकृत संग्रहात शोधले तर ‘बंद करण्यात आले आहे’ अशी पाटी दिसते. डॅशबोर्डवर आजतागायत त्याची काहीच सूचना आली नव्हती. त्यात आमच्या १८ हजार पुस्तकांच्या नोंदी आहेत. काढले तर सूची जाते, ठेवले तर दार उघडे राहते.

मुद्रितशोधक | रविवार, रात्री ८.००

नोंदी प्लगइनमध्ये नाहीत, डेटाबेसमध्ये आहेत, तेव्हा घाबरू नका. भाच्याला सांगून पीएचपी-मायॲडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या साधनामधून ते कोष्टक सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडता येणारा साधा मजकूर) स्वरूपात उतरवून घ्या. पुढे दोन वाटा आहेत. वाचकांना नुसते पुस्तक आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर विषयवार याद्या करून टेबलप्रेस या तक्त्यांच्या प्लगइनमध्ये घाला. १८ हजार ओळी एकाच पानावर मात्र ओतू नका, मोबाइल गुदमरेल. देवघेवही त्यावरच चालवायची असेल, तर ग्रंथालयांसाठीच बनलेले ‘कोहा’ हे सॉफ्टवेअर वेगळ्या उपपत्त्यावर बसवणे योग्य. ते काम मोठे आहे, पण ते मोफत व मुक्त आहे, पुष्कळ ग्रंथालये ते वापरतात, आणि मुख्य म्हणजे ग्रंथसूचीचा भार वर्डप्रेसवरून कायमचा उतरतो.

ग्रंथसेवक | मंगळवार, सायंकाळी ७.४५

सीएसव्ही उतरवली. एक्सेलमध्ये उघडली तर लेखकांच्या नावांच्या जागी सगळी चित्रविचित्र चिन्हे दिसत आहेत. १८ हजार नोंदी गेल्या की काय?

मुद्रितशोधक | मंगळवार, रात्री ८.०५

गेल्या नाहीत. फायलीवर डबल क्लिक करून उघडू नका आणि आता उघडली आहे ती सेव्ह न करता बंद करा. कोरी एक्सेल उघडून ‘डेटा’ या टॅबमधून ‘टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून’ हा पर्याय घ्या आणि फायलीचे मूळ विचारील तिथे यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरे नीट वाचणारी संकेतपद्धती) निवडा.

ग्रंथसेवक | मंगळवार, रात्री ८.५०

आले. सगळी नावे नीट दिसत आहेत, टिळकांचा ‘ळ’सुद्धा. प्लगइन डिलीट केले. आता उरली दहा. कोहाचा विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेत घातला आहे.